गोडव्याचे ऋण

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहणे हा बोधप्रद अनुभव आहे. कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा ठेवतो, कान देऊन ऐकतो, धागा केसभर सरकवतो, पुन्हा ऐकतो. एका नेमक्या जागी त्या तारेतून असा भरीव नाद उमटतो, की रस्त्यावरचा गलका क्षणभर विसरायला होतो. त्या नादाला शब्द नाहीत. तरीही मन निवते. हे निवणे प्रार्थनेच्या जवळचे असते, की ते केवळ कानांचे सुख असते?

हा प्रश्न मला अधिक तीव्रतेने पडला तो एका रॉक अल्बममुळे. १९९० साली दिल्लीत स्थापन झालेल्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली प्रसिद्ध झाला. रॉक म्हटले की आपल्या पिढीला कर्कश गोंगाट आठवतो. येथे मात्र गिटार आणि तबला एकमेकांना वाट देत संथपणे पुढे सरकतात. गाणे कोठे पोहोचावयाचे याची घाई कोणालाच नसते. चित्रपटगीताची चौकट मोडणारा हा प्रयोग असूनही तो सर्वसामान्य श्रोत्यांना भावला. धावपळीच्या दिवसाअखेर सबुरी शिकवणारे काही ऐकावे, ही भूक अनेकांना असावी.

अल्बमचे नाव ज्या गीतावरून पडले, ते मुळात ख्रिस्ती प्रार्थनागीत आहे. केरळच्या संत थोमा परंपरेतील ख्रिस्ती बांधवांनी जपलेले ते गीत सुरियानी भाषेत आहे. प्रभू येशू जी अरामी बोलत असे, तिचीच ही शाखा. परमेश्वराला त्रिवार पवित्र म्हणून हाक मारायची आणि दया मागायची, असा त्याचा आशय. गुड फ्रायडेच्या विधीत क्रूसाच्या वंदनेच्या वेळी आपल्या लॅटिन परंपरेतही ही हाक ग्रीक व लॅटिनमध्ये घातली जात आली आहे. ‘इंडियन ओशन’ने तीच हाक वेदीपासून रंगमंचावर नेली. टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. हा प्रार्थनेचा अवमान मानावा काय?

संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या खंडात याच पेचाची कबुली दिली आहे. गायिलेल्या आशयापेक्षा गायनानेच आपले मन अधिक हेलावते, तेव्हा आपण अपराधी ठरतो, असे त्यांना वाटे. चर्चमधून चाली हद्दपारच कराव्यात, इथवर ते येतात. मग श्रद्धेच्या आरंभीच्या दिवसांत त्याच गायनाने डोळ्यांत आणलेले अश्रू त्यांना आठवतात. शेवटी ते संगीताच्या बाजूला झुकतात, पण सावधपणे. ही सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली मिस्सा मराठीत आली. आज प्रत्येक शब्द समजतो. परंतु समजलेला शब्द आपण खरोखर ऐकतो का? अर्थ न कळता स्तब्ध होणारा श्रोता आणि अर्थ कळूनही घड्याळाकडे पाहणारा उपासक यांत वेदीच्या अधिक जवळ कोण, हे ठरविणे आपले काम नव्हे.

मात्र या अल्बममधील दुसरे एक गीत मला स्वस्थ बसू देत नाही. ‘माँ रेवा’ हे नर्मदेच्या खोऱ्यातील लोकगीत. वाद्यवृंदातील राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते. सरदार सरोवरामुळे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली. नदीची ही गोड स्तुती ऐकत आपण डोळे मिटतो, तेव्हा तिच्या काठी घरदार गमावलेली माणसे दृष्टीआड होतात. गोडव्याचा खरा धोका येथे आहे. परक्याची प्रार्थना आपल्या ओठी येणे हा अपराध नाही. ज्यांच्या कंठातून ते गीत आले, त्यांना विसरणे हा अपराध आहे.

नर्मदा दूर आहे म्हणून सातारा-सांगलीकरांची सुटका होत नाही. कोयनेच्या जलाशयाखाली सातारा जिल्ह्यातील गावे गेली. पुनर्वसनासाठी तेथील कुटुंबांची आंदोलने या शतकातही होत राहिली. तीच कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि पुढे सांगलीला येते. ते पाणी आपण पितो.

म्हणून ‘कंदिसा’ जरूर ऐकावे आणि त्याने मन निवले तर संकोचू नये. पण गाणे संपल्यावर लगेच दुसरे लावू नये. दया मागणारी हाक नुकतीच कानी पडली आहे. ती ईश्वराला उद्देशून होती, तरी तिचा काही भाग आपल्यासाठीही होता. सायंकाळी सांगलीच्या घाटावर कृष्णा संथ वाहते. तिच्या पाण्याकडे पाहताना वर बुडालेल्या एका तरी गावाचे नाव आपल्याला सांगता येते का, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.