मुक्या जिवाचे दुखणे

सानपाड्याच्या एखाद्या सोसायटीत म्हातारा कुत्रा जिन्यापाशी अडतो. सांधे दुखतात, पण सांगणार कसे? कुणी कळवळून घरातली आयब्युप्रोफेनची गोळी भाकरीत घालून देतो. नियत नेक, परंतु त्या गोळीने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

हदीसमधल्या वाटसरूने चामडी मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजले आणि अल्लाहने त्याला माफ केले. स्वतःच्या तहानेवरून त्याने कुत्र्याची तहान ओळखली होती. दुःख असे ओळखता येते, औषध नाही. ते पशुवैद्यालाच विचारावे. तो वजन पाहून, रक्त तपासून मेलॉक्सिकॅमसारखे औषध ठरवतो. रहमला इल्मची जोड नसेल, तर त्याची किंमत तो मुका जीवच मोजतो.