मृतांचे मागणे

ग्रंथालयाच्या सहलीत आम्ही वडोदऱ्याच्या संग्रहालयातील इजिप्तची ममी पाहिली. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी ती १८९५ मध्ये विकत घेतली होती. मृतदेह अग्नीच्या स्वाधीन करणाऱ्या आम्हांला तिच्यापुढे संकोच वाटला. परक्या मृताकडे असे निरखून पाहण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? ज्ञानासाठी पाहतो, हे उत्तर अपुरे वाटले. प्राचीन इजिप्तमध्ये कित्येक थडग्यांवर वाटसरूंना विनवणी कोरलेली असे : भाकर व बिअर अर्पण करण्याचे शब्द मृतासाठी उच्चारा. म्हणजे जिवंतांचे येणे त्यांना वर्ज्य नव्हते. रिकाम्या मुखाने परतणे मात्र अपेक्षित नव्हते. पाहण्याचा अधिकार असलाच, तर तो या देण्यातून येतो. आम्ही मौन पाळले आणि त्यालाच आदर समजलो. मागणे मात्र शब्दांचे होते.