वेग नेमका कशाचा मोजायचा?

विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी पुरेशी असूनही वाचन, लेखन वा गणितात येणाऱ्या टिकाऊ अडचणीचे निदान करताना मुलाची ‘प्रक्रियागती’ तपासली जाते. साधी, ओळखीची माहिती पाहून, ताडून तिला बिनचूक प्रतिसाद देण्याचा वेग, असा या संज्ञेचा अर्थ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने या अक्षमतेला कायद्यात स्थान दिले आणि केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांगांना लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देऊ केला; त्यामुळे मुलाच्या संथपणाचे कारण अचूक ओळखण्याला आता व्यावहारिक वजनही आले आहे.

मालिन यांनी १९६९ मध्ये नागपूरला वेक्सलर यांच्या चाचणीवरून तयार केलेली भारतीय मुलांची बुद्धिमापन चाचणी महाराष्ट्रात आजही वापरली जाते. तिच्या ११ उपचाचण्यांपैकी ‘सांकेतिकरण’ ही वेगाची चाचणी असून तीत आकृतीशी किंवा अंकाशी जोडी ठरवून दिलेली चिन्हे मुलाने ठरावीक वेळात भराभर लिहायची असतात. परंतु पेन्सिलीवरची पकड, नजर वर-खाली फिरवण्याची सफाई, जोड्या लक्षात राहणे आणि चुकण्याची भीती हे सारे त्या एकाच गुणात मिसळलेले असते, आणि ज्याचे अक्षरच अडखळत उमटते त्या मुलाचा कमी गुण मंद विचाराचा पुरावा मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा मुलासाठी केवळ खूण करावी लागणारी चिन्हशोधाची चाचणी, किंवा लेखी आणि तोंडी अशा दोन्ही रीतींनी घेता येणारी चिन्ह-अंक चाचणी सोबत घेतली, तर अडथळा हातात आहे की त्याच्या आधी, याचा अंदाज बांधता येतो.

नाशिकसारख्या बहुभाषक जिल्ह्यात चाचणीच्या या निवडीला आणखी एक बाजू आहे: अंक आणि भाषा. प्राथमिक वर्गांत देवनागरी अंकांवर वाढलेल्या मुलासमोर आंतरराष्ट्रीय अंकांची चाचणी ठेवली, तर ओळखीचीच माहिती अंशतः अनोळखी होते आणि चाचणीचे गृहीतकच ढासळते. जलद नामोच्चाराच्या चाचणीत रंग, वस्तू, अंक किंवा अक्षरे यांची नावे न थांबता सांगायची असतात आणि वाचनाच्या ओघाशी तिचा संबंध निकटचा मानला जातो. पण सुरगाणा-पेठकडच्या घरी कोकणा बोलणाऱ्या किंवा बागलाणातल्या अहिराणीभाषक मुलाकडून ती प्रमाण मराठीत घेतली, तर घड्याळ शब्द आठवण्याची भाषिक धडपडही मोजते. इंग्रजीभाषक मुलांची मानके, म्हणजे वयानुसार ठरवलेले तुलनेचे आकडे, तर येथे लावूच नयेत, कारण ‘पिवळा’, ‘हिरवा’ उच्चारायला लागणारा वेळही निराळा असतो. १९६९ च्या मानकांवर आजच्या मुलाला तोलतानाही तितकाच संकोच हवा.

म्हणून तपासणाऱ्याने आधी प्रश्न ठरवावा. उत्तरपत्रिका अपुरी राहते, ही तक्रार असेल तर मजकूर पाहून लिहिण्याचा आणि स्वतःच्या मनाने लिहिण्याचा वेग मोजणे कोणत्याही चिन्हांच्या चाचणीहून अधिक उपयोगी पडेल. वाचन रखडत असेल तर नामोच्चार आणि सलग वाचन तपासावे. अहवालात एकच एकत्रित गुणांक न देता कोणती चाचणी, कोणत्या भाषेत, कोणत्या अंकांवर घेतली आणि चुका किती झाल्या हे नोंदवावे, कारण सावकाश पण अचूक काम करणाऱ्या मुलाला द्यायची मदत घाईत चुकणाऱ्याच्या कामी येत नाही. स्थानिक मानके उभारण्याचे काम मात्र एकट्या तपासनिसाच्या आवाक्यातले नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. त्याच्या संलग्न महाविद्यालयांतील पदव्युत्तर संशोधनाने जिल्ह्यातल्या मराठी, कोकणा, अहिराणी आणि मालेगावच्या उर्दू शाळांतील मुलांपासून हे काम सुरू करावे.