परक्या मातीतील पाहुणे

इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यात, नॉर्थियम गावी, ‘ग्रेट डिक्स्टर’ नावाची विख्यात बाग आहे. तिचे मालक ख्रिस्तोफर लॉइड यांनी सत्तरी उलटल्यावर, १९९३ साली, फर्गस गॅरेट यांच्या साथीने तेथील जुनी गुलाबबाग उपटून काढली आणि त्या जागी उष्ण प्रदेशांतील झाडे लावली. केळ, कर्दळ, डेलिया, लाल पानांचा एरंड. आपल्याकडे एरंड शोभेसाठी सहसा कोणी लावत नाही आणि कर्दळ परसातल्या सांडपाण्यावर सुखाने वाढते. तेथे मात्र त्यांना मानाच्या पाहुण्यांचे स्थान आहे.

या पाहुण्यांचा जीव उन्हावर. जून ते ऑगस्ट हा तिकडचा उन्हाळा. त्याच महिन्यांत आपला शेतकरी पावसाची वाट पाहतो, तर तो माळी उन्हाची. आणि कधीकधी ऊन पडतच नाही. २०२४ चा उन्हाळा ब्रिटनमध्ये २०१५ नंतरचा सर्वांत थंड ठरला. अशा वर्षी केळीचे पान उलगडता उलगडत नाही, डेलियाचे कोंब गोगलगायी फस्त करतात आणि कर्दळ फुलेपर्यंत सप्टेंबर उजाडतो. शरदाच्या आरंभी बाग कुठे रंगात येते, तोच थंडीची चाहूल लागते. पहिले हिम पडले की एका रात्रीत डेलियाची पाने काळी पडतात.

माळ्याने मग कोणाकडे दाद मागावी? ऋतूने त्याला वचन दिले नव्हते. झाडांनी तर येथे येण्याची इच्छाही दर्शवली नव्हती. या व्यवहारात वचन दिले होते एकट्या माळ्यानेच. झाडाला त्याच्या मातीतून हलवले, त्या क्षणीच त्याच्या हिवाळ्याची जबाबदारी त्याने पत्करली. म्हणून तो डेलियाचे कंद खणून, सुकवून, गारठा लागणार नाही अशा जागी ठेवतो. केळीचा बुंधा पेंढ्यात गुंडाळतो. तेथे तग धरणाऱ्या जपानी केळीला खाण्याजोगे फळ कधीच येत नाही, तरीही तिला पांघरूण मिळते. जे झाड फुलले त्याला जेवढी ऊब, तेवढीच न फुललेल्यालाही.

आपल्या घरांतही असे पाहुणे असतात. गावचे अंगण सोडून शहरातील तिसऱ्या मजल्यावर आणलेली वृद्ध आई. घरकामासाठी दूरच्या पाड्यावरून आणलेली मुलगी. त्यांचे मन रमले नाही की आपण म्हणतो, “एवढे केले, पण हिला त्याचे काही नाही!” आपल्या सोयीसाठी ज्याला उपटून आणले, त्याने टवटवीत राहून आपले उपकार फेडावेत, अशी ही अपेक्षा. तिच्यात न्याय कितीसा आहे?

मग कोणाला आणूच नये काय? तसे नाही. आज आपल्या परसात हक्काने नांदणारी कर्दळही मूळची अमेरिका खंडातली. परका आपला होऊ शकतो. त्याला किती वर्षे लागतील, हे ठरवणे मात्र आपल्या हाती नसते. तोवर आपल्याकडे एकच काम उरते. ऊन न पडलेल्या वर्षीही पेंढा वेळेवर जमवून ठेवणे.