एकांत आणि शांति

मनाला शांति नाहीं, ही तक्रार आज ज्याच्या त्याच्या तोंडीं ऐकूं येते. आणि घटकाभर एकांतांत बसावें, हा उपायहि सर्वांस पाठ असतो. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतून तर ही जुनी वहिवाट आहे. घरांतील मंडळी उठण्यापूर्वीं शास्त्राचा एखादा अध्याय वाचावा, देवाशीं दोन शब्द बोलावे, त्याचें कांहीं ऐकूं आल्यास ऐकावें, व मग दिवसाच्या कामास लागावें. परंतु शांति मिळावी म्हणून एकांतांत जाणें आणि देव भेटावा म्हणून एकांतांत जाणें, ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? आम्हांस वाटतें, ह्या प्रश्नाच्या उत्तरावरच त्या घटकेचें मोल अवलंबून आहे.

शेजारीं दुःख असतां दार लावून बसणें हा स्वार्थच होय, असें कित्येक म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाहीं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत त्याचा प्रसंग आला आहे. कफर्णहूम येथें एका संध्याकाळीं सारा गांव दाराशीं लोटला, आणि येशूनें पुष्कळ दुखणाईतांना बरें केलें. दुसऱ्या दिवशीं अंधार असतांच तो उठला व एकांत स्थळीं जाऊन प्रार्थना करूं लागला. शिमोन व त्याचे सोबती शोधीत आले आणि सर्वजण त्याच्या शोधांत आहेत, असें त्यांनीं सांगितलें. त्यावर तो त्या गर्दीकडे परतला नाहीं. आसपासच्या गांवीं उपदेश करावयास निघाला. त्या एकांतानें काम टळलें नाहीं. आपल्याला कोठें जावयाचें आहे आणि लोकांचा आग्रह आपल्याला कोठें ओढीत आहे, ह्यांतील भेद मात्र तेथें स्पष्ट झाला. आपल्या धांवपळीपैकीं केवढा भाग नुसत्या आग्रहाचा असतो, हें आपण क्वचितच तपासतों.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. बाहेरचा गलबला थांबला म्हणजे आंत शांतता होते, असें अनुभवास येत नाहीं. डोळे मिटतांच पहिल्यानें पुढें उभें राहतें तें आपणच दडपून ठेविलेलें असतें: वाटणीवरून भावाशीं धरलेला अबोला, घरीं राबणाऱ्या बाईला बोललेला लागट शब्द. डोंगरावरील प्रवचनांत अशा मनुष्याला स्पष्ट आज्ञा आहे. भावाचें आपल्याविरुद्ध कांहीं आहे, हें वेदीपाशीं आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं समेट करावा. म्हणजे देवापुढें बसलेल्यासहि प्रसंगीं उठावें लागतें! एका नातलगाशीं आमचा पत्रव्यवहार वर्षभर बंद होता. प्रार्थना मात्र नेमानें चाले, आणि ती कोरडी कां वाटते ह्याचें आम्ही नवल करीत होतों. शेवटीं आम्हीं पत्र लिहिलें. त्या दिवशीं कांहीं दिव्य अनुभव आला नाहीं. पण जेथें बसवत नव्हतें तेथें बसवूं लागलें. आठवण झाल्यावरहि जो उठत नाहीं आणि डोळे अधिकच घट्ट मिटतो, त्याला शांतीच्या नांवाखालीं गुंगी मात्र मिळते.

मग शांति येते तरी कशी? सतराव्या शतकांत पॅरिस येथील कार्मेली मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचे एक साधे बंधु होते. पूर्वीं ते सैनिक होते. मठांत त्यांच्या वाट्यास स्वयंपाकघर आलें, आणि त्या कामाची तर त्यांना स्वभावतःच नावड. आपला नाश होणार, ह्या भयानें ते कित्येक वर्षें पोळले. पुढें आपलें कांहींहि होवो, जें करावयाचें तें देवाच्या प्रीतीसाठींच, असा त्यांनीं निश्चय केला, तेव्हां तें भय मावळलें. भांड्यांच्या खडखडाटांतहि त्यांची प्रार्थना चालूं लागली. शांतीचा हट्ट सुटला, आणि शांति आली.

आपल्याकडील पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. तरी धर्म हातीं आला पण धर्माचा धनी भेटला नाहीं, हें आपल्या आठ वर्षांनीं ध्यानांत आलें, असें त्यांनीं पुढें मोकळेपणानें लिहिलें आहे. एवढी विद्वत्ता असूनहि त्यांना हें समाधान केवळ विद्येच्या बळावर लाभलें नाहीं. आणि लाभल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील शेंकडों निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आश्रयास आणल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत प्रार्थना, माग आणि छापखाना एकाच आवारांत नांदूं लागले. १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत त्या बायबलाच्या मराठी भाषांतरांत गढलेल्या होत्या.

तरीहि एक प्रश्न उरतो. दुखणाईत मुलाच्या उशाशीं बसून प्रार्थना करणाऱ्या आईला शांति लाभली नाहीं, तर तिची भक्ति उणी म्हणावी काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. गेथशेमाने बागेंत खुद्द येशूचा जीव व्याकुळ झाला होता. प्याला टळावा, असें त्यानें मागितलें. प्याला टळला नाहीं. पित्याच्या इच्छेवर स्वतःला सोंपवून तो उठला आणि पकडावयास येणाऱ्यांना सामोरा गेला. मागणें पुरें न होतांहि उठून चालूं लागण्याचें बळ येणें, हीच कदाचित् त्या आईच्याहि वाट्याची शांति असेल.

म्हणून एकांतांत काय गवसलें, ह्याचा निवाडा आपण स्वतः न केलेला बरा. तो आपल्या घरच्या माणसांवर सोंपवावा. दार उघडून आपण बाहेर येतों, तेव्हां पहिला शब्द त्यांच्याच कानीं पडतो.