जितक्या बाहुल्या, तितके हस्तर

'तुंबाड' चित्रपटाच्या शेवटाकडे बाप-लेक देवीच्या गर्भात उतरतात, तेव्हा त्यांच्याजवळ कणकेची एक नव्हे, कितीतरी बाहुल्या असतात. हिशेब सरळ आहे. देवीचा मुलगा हस्तर एक बाहुली खाऊन संपवेपर्यंत त्याच्या लंगोटीतून मूठभर सोन्याच्या मोहरा काढता येतात. बाहुल्या वाढवल्या तर वेळ वाढेल, आणि मग मुठीवर का थांबायचं, अख्खी लंगोटीच ओढून आणू. ही कल्पना पोराची. व्यवस्थापनशास्त्राच्या कुठल्याही वर्गात तिला टाळ्या पडल्या असत्या. पण गर्भाच्या भिंतींतून एक हस्तर बाहेर पडत नाही. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर येतात.

बाजारावर इतकी नेमकी टीका मी दुसऱ्या कुठल्या भारतीय चित्रपटात पाहिलेली नाही. पुरवठा वाढवला की भूक भागेल, असं आपल्याला सांगितलं जातं. इथे पुरवठाच भुकेला जन्म देतो.

राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 साली आला. बोली हिंदी, पण माती, वाडे, पाऊस आणि सोवळं-ओवळं सगळं मराठी. प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण करून देणारं, आणि दिग्दर्शक 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. कथा 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत चालते. तरी 'लोभाचं फळ वाईट' एवढ्यावर तिची बोळवण करतात, ते मला पटत नाही. लोभी माणूस साठवतो. चित्रपटातला बाप, विनायकराव, साठवत नाही, उडवतो. मोहरा सावकाराच्या हाती द्यायच्या, पुण्यात थाटात राहायचं, आणि पैसा आटला की पुन्हा तुंबाडची वाट धरायची. ही हप्त्यांवरची श्रीमंती आहे. त्याला धोका कळतो, किंमतही कळते. माजघरात शापाने कुजत पडलेली, तरीही न मरणारी म्हातारी त्याने लहानपणी पाहिलेली असते. एवढं ठाऊक असून तो जातच राहतो, म्हणून मला तो पुराणातल्या असुरापेक्षा आजचा ग्राहक जास्त वाटतो.

अमेरिकेत हा विषय जॉर्ज रोमेरोने 1978 च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये घेतला होता. पिट्सबर्गजवळच्या खऱ्याखुऱ्या मॉनरोव्हिल मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्रीरात्री त्याचं चित्रीकरण झालं; नाताळची सजावट लागली तेव्हा ते थांबवावं लागलं, म्हणजे खरेदीच्या हंगामापुढे भुतांनाही सुट्टी. त्यातली प्रेतं सवयीने मॉलमध्ये परत येतात, आणि आत लपलेली जिवंत माणसं फुकटच्या वस्तूंमध्ये राहून कंटाळतात. टोकदार आहे, पण सोपंही आहे. प्रेक्षक प्रेतांना हसून घरी जाऊ शकतो, कारण तो स्वतःला प्रेत समजत नाही. विनायकरावाला हसून असं सुटता येत नाही. तो चतुर आहे, कष्टाळू आहे, पोराला धंदा शिकवतो.

शिवाय रोमेरोकडे नसलेली एक गोष्ट 'तुंबाड'कडे आहे: सोनं आणि धान्य यांची फारकत. पूर्तीच्या देवीचा लाडका पहिला मुलगा हस्तर सगळं सोनं घेतो, मग धान्याकडे हात वळवतो, आणि तिथे इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला वाचवते, पण सोन्याच्या ढिगावर तो कायमचा उपाशी राहतो. पिठाच्या रिंगणाच्या आत त्याला येता येत नाही आणि पिठाच्या बाहुलीवाचून त्याला राहवत नाही. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर नाण्यांशेजारी साळीच्या लाह्या ठेवतात, त्या उगाच नव्हे. चित्रपटाने ती जोडी तोडून दाखवली, म्हणून तो मराठी माणसाच्या पोटात जास्त खोल जातो.

नाशिककराला ही तुटलेली जोडी पाहायला तुंबाडसाठी कोकणातही जायला नको. नाशिक रोडला 1928 पासून चलनी नोटा छापल्या जातात. तिथून साठेक किलोमीटरवर लासलगाव, आशियातली सर्वांत मोठी म्हणवली जाणारी कांद्याची बाजारपेठ. एकाच जिल्ह्यात पैसा छापला जातो आणि भाव पडला की कांदा रस्त्यावर ओतला जातो. देवीच्या गर्भात सोनं आणि अन्न याहून जवळ होतं.

पडद्यावरच्या राक्षसांशीही नाशिकचं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळके इथल्याच त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर बिऱ्हाड नाशिकला हलवून त्यांनी 1913 साली 'मोहिनी भस्मासुर' काढला. आपल्या पडद्यावरच्या अगदी पहिल्या राक्षसांपैकी एक असा नाशिकचा, आणि तोही कसा, तर मिळालेलं वरदान देणाऱ्यावरच वापरायला निघालेला. गंमत अशी की त्या गोष्टीत मोहिनी उपाय म्हणून येते: ती नाचते, असुर तिची नक्कल करतो आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. आज मोहिनीला पगार भस्मासुर देतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या फलकांवरून ती रोज नाचते, आपण नक्कल करतो, आणि राख मात्र कुणाला दिसत नाही, कारण ती महिन्याच्या शेवटी बँकेच्या संदेशातून येते.

'तुंबाड'चं पुढचं नशीबही त्याच्या कथेला शोभणारं निघालं. 2018 मध्ये बेताचाच चाललेला हा चित्रपट सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा थेटरांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या वर्षांत मोबाइलवर, टीव्हीवर पाहून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. लगेच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. पहिल्या भागात शापित बाप मोहरांची लंगोटी पुढे करतो आणि त्याचा मुलगा पांडुरंग ती नाकारून त्याला पेटवून देतो. आता निर्मात्यांपुढेही लंगोटी आहे. फरक इतकाच की ती धरणारा हात कुजलेला नाही. तो आपला आहे, आणि त्यात तिकिटाचे पैसे आहेत.