गंध हरवल्यानंतर

पंचेंद्रियांच्या पंगतीत तत्त्वज्ञांनी नाकाला नेहमीच शेवटचे पान मांडले. कांट यांनी तर १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवशास्त्रविषयक ग्रंथात, ज्याच्यावाचून सहज निभावेल असे इंद्रिय म्हणून घ्राणेंद्रियाचीच गणना केली. त्यांच्या घरी स्वयंपाक दुसरेच कोणी करीत होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

२०२०-२१ च्या करोना साथीत असंख्यांचा गंध गेला. साध्या पडशानंतरही तो कधी कधी जातो. नाकाच्या छताशी गंध टिपणाऱ्या मज्जापेशी असतात. करोनाचा विषाणू मुख्यतः त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घाला घालतो. बहुतेकांना काही आठवड्यांत गंध परत मिळाला. काहींना मात्र नाही.

अशाच एक गृहिणी मला म्हणाल्या, “फादर, लोकांची माणसं गेली, माझा नुसता वास गेला. देवाजवळ रडायचीसुद्धा लाज वाटते.”

लहान दुःखाला रडण्याचा अधिकार आहे काय? दुसऱ्याचे मोठे दुःख पाहून मनुष्याने स्वतःला आवरले, तर तो विवेक होय. परंतु तोच तराजू दुसऱ्याच्या हाती गेला, की त्याचे शस्त्र होते. “एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात!” हे वाक्य सांत्वनासारखे दिसते, वस्तुतः ते ऐकण्याचे टाळते. शिवाय ही गोष्ट एवढीशी नाही. या बाईंना मासळी उतरली आहे की ताजी, हे मुलाला विचारावे लागते. गॅसची गळती समजावी म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेला उग्र दर्प त्यांच्यापुरता नसतोच. नातवाचे डोके हुंगले तरी काही येत नाही. आपल्या अंगाला वास येत असेल या शंकेने त्या दोन-दोनदा स्नान करतात.

पवित्र शास्त्राने नाकाला असे तुच्छ लेखलेले नाही. अंध इसहाकाला आवाजाने शंका आली होती. तरी वस्त्रांचा वास घेऊन त्याने याकोबाला आशीर्वाद दिला. बेथानीस मरीयेने येशूच्या चरणांना सुगंधी तेल लावले, तेव्हा घर सुवासाने भरले हे योहान आवर्जून नोंदवतो. आणि त्या तेलाची किंमत काढून गरिबांचे नाव पुढे करणारा कोण होता, हे वाचकांस ठाऊकच आहे.

जर्मनीत ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली गंधाच्या सरावाची एक रीत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग यांचे गंध दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगावयाचे. सर्वांनाच गुण येतो असे नाही. बाईंच्या ओट्यावर आता लवंगांची डबी असते. मध्यंतरी लवंगेला जळक्या रबराचा वास येऊ लागला, म्हणून त्या घाबरल्या होत्या. सुधारणेच्या वाटेवर कधी कधी असे होते, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे.